घड्याळाच्या उलट

बुधवारी सातला, बँड यायच्या आत,
व्हर्लीन कुबेचेक मक्याचं पीठ
हॉलभर भुरभुरवते, कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं.
फळ्या तिच्या पणज्याने ठोकलेल्या, असं ती सांगते.
खिळे मात्र दर उन्हाळ्यात नव्याने डोकं वर काढतात.

आज बायका अकरा, पुरुष चार,
त्यातल्या एकाचा पाय प्लास्टरमध्ये,
तो बिअरपुरता आलेला.
व्हर्लीनने डोकी मोजली
आणि माझ्या दंडाला लाल रुमाल बांधला.
"नेल्डा, तू आज पुरुष."
मी म्हटलं, घरी कुत्र्याला खायला घालायचंय.
ती म्हणाली, कुत्रं थांबेल.

तीस वर्षं मी इथे नाचले, ती उलट्या पावलांनी.
कुणाच्या तरी खांद्यावरून मागे पडलेलं दिसायचं तेवढंच:
बारचा दिवा, नेमबाज मंडळाच्या मेलेल्या अध्यक्षांचे फोटो,
दारात कुणी उभं असेल तर तो,
आणि सगळं लहान लहान होत जायचं.
पुढे काय आहे ते बघायचं काम माझं नव्हतं.

आणि जोडीला कोण, तर यारित्झा.
चौदा वर्षांची, आईने ओढून आणलेली.
माझ्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसते, टोपडं डोळ्यांपर्यंत.
दोन वर्षं मी तिला रोज पाहते,
पण आरशात. म्हणजे तिचा भांग
कुठल्या बाजूला आहे, ते आज कळलं.

"झट, झट, सावकाश... सावकाश."
नेल्डा, डावा पाय. तो नव्हे, डावा.
पाऊल उचलू नकोस, सरकव,
पोर झोपल्यावर पाळण्यापासून निघतेस तसं.
हाताने ढकलू नकोस तिला,
ती काही बंद पडलेली गाडी नाही.
तू जा, म्हणजे तीही जाईल.
आणि ओठ हलतायत तुझे.

सगळे एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट,
घाई असलेले कडेने, आमच्यासारखे मधून.
हे मला कळतं, हा तर रस्ताच झाला.
पण बहात्तर पोरं आणि दहा टन लोखंड
मी पुलावरून नेते एका हाताने,
आणि इथे पंचेचाळीस किलोची एक मुलगी
मला कोपऱ्यावरून वळवता येईना.

दुसऱ्या फेरीला तिची पाठ खांबावर आदळली.
मी म्हटलं, लागलं का गं?
ती पहिल्यांदाच बोलली:
"बसला ब्रेक तरी असतात."
आणि हसली. दातांना तारा.
आरशात हेही कधी दिसलं नव्हतं.

बाहेर बँडवाल्यांचा ट्रक लागला,
कुणीतरी स्टीलचं गिटार पेटीसकट आत आणत होतं,
त्याच्या वाटेतून बाजूला होताना
आमची पावलं आपोआप पडली. चार. मग पुढची चार.
व्हर्लीन काही म्हणाली नाही. तिचं कौतुक असंच असतं.

गाणं संपलं, तरी माझा तळवा ओलाच.
यारित्झाने तो स्वतःच्या जीन्सला पुसला,
माझा हात, तिची जीन्स,
आणि दंडाच्या गाठीशी खटपट करायला लागली.
"आता मला द्या."
गाठ पक्की. शेवटी तिने दातांनी सोडवली.

आता ती धरते, फार घट्ट,
कठड्याला धरावं तशी.
ओठ हलतात तिचे. मी सांगत नाही.
परत माझी पाठ पुढे,
परत तोच बारचा दिवा, तेच अध्यक्ष,
पण मधे हे एक कपाळ, आठ्या घातलेलं,
माझ्या खांद्यापलीकडचा सगळा हॉल वाचत असलेलं.

झट, झट.
माझ्या मागे खांब आहे.
किती पावलांवर, तेही मला माहीत आहे.
सावकाश.
मी गप्प राहते.